शेजारणीनं द्यायची हजेरी

बाई, आजपासून आमच्या शाळेत हजेरी पुन्हा नंबरांवर सुरू झाली. एक, हजर. दोन, हजर. तीन, हजर. साठ मुलींचा वर्ग चार मिनिटांत आटोपतो. सूचना मीच काढली, सही माझीच, आणि शिपायाच्या हाती वर्गावर्गांत फिरवली तीही मीच. कोणी काही विचारलं नाही. एक मॅडम तर म्हणाल्या, "बरं झालं, माझा गणिताचा तास वाचला." तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण आपलं सगळं बाईंसारखंच चाललं आहे अशी माझी ठाम समजूत होती. आता शाळा सुटली आहे, मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले आहे आणि समोर कोरा कागद घेतला आहे.

कळमेश्वरच्या आपल्या शाळेत, तुमच्या वर्गात, कोणी स्वतःची हजेरी द्यायची नाही. ती शेजारणीनं द्यायची. तुम्ही नाव घेतलं की बाकावरची दुसरी उठायची, "आहे बाई" म्हणायची आणि तिच्याबद्दल एक तरी गोष्ट सांगायची. "आहे बाई, पण तिचं पोट दुखून राहिलं." "आहे बाई, तिच्या गाईले गोऱ्हा झाला." "आहे बाई, अन् तिनं माही पेन्सिल घेतली ते अजून देल्ली नाही." वर्ग हसायचा, तुम्हीही हसायचात आणि पेन्सिल तिथल्या तिथे परत मिळायची. यात वीस मिनिटं जायची. एकदा तपासणीला साहेब आले, ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई, ही शाळा आहे का बायकांची भिशी?" तुम्ही खडू हातात धरूनच उत्तर दिलंत, "साहेब, पोरगी खरंच इथं हाय का नाही हे पाहाले वीस मिनिटं लागतेच." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेले. आम्हाला तेव्हा त्याची फार मजा वाटली होती.

मी सहावीत असताना माझं शेजारणीशी भांडण झालं. कशावरून ते आठवत नाही, बोरांवरून असेल. तुम्ही तिचं नाव घेतलंत आणि मी उठून समोरच्या भिंतीकडे बघत म्हटलं, "आहे बाई. ठीक आहे." तुम्ही पुढचं नाव घेतलं नाही. "ठीक हाय म्हंजे काय वं? तू पाहिलं का तिच्याकडे आज?" मी पाहिलं. तिनं उजव्या हाताची बाही बोटांपर्यंत ओढून धरली होती आणि मनगटावर फोड होते. "एका बाकावर बसून तुले दिसलं नाही?" एवढंच तुम्ही म्हणालात. छडी मारली असती तर बरं, असं मला वाटलं. त्या दिवशी तिचं सगळं लिहिणं मी लिहून दिलं, पण माझ्या कानाची आग संध्याकाळपर्यंत गेली नाही.

संध्याकाळी तुम्ही मला सोबत घेऊन तिच्या घरी गेलात. तिची आई स्वयंपाकघरात अंबाडी निवडत बसली होती. तुम्ही जमिनीवर पाय पसरून बसलात, अर्धी जुडी स्वतःकडे ओढलीत आणि निवडायला लागलात. हाताबद्दल एक शब्द नाही. "तुमची अंबाडी लय आंबट कशी होत नाही वं? काय करता?" तिची आई आधी बिचकून होती, मग सांगायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी तुरीच्या शेंगा सोलल्या. मला वाटायचं, बाईंना भाजी निवडायची हौसच दिसते, आपल्या घरी काम नसेल. चौथ्या दिवशी तिची आई शेंगा सोलता सोलता थांबली आणि म्हणाली, "माह्याच हातून झालं बाई. रागात गरम उलथनं लावलं म्या तिले." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. तुम्ही तिला कायदा सांगितला नाही. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून शाळा सुटली का तिले माह्या घरी पाठवत जा. तुमचं डोकं शांत झालं का या तिले न्याले." मग ती रोज तुमच्या घरी यायची आणि शेजारीण म्हणून मीही. तुम्ही पोळ्या करायचात, आम्ही ओट्याला टेकून गुळासोबत खायचो. त्या मुलीच्या हातावर नंतर कधी फोड दिसले नाहीत.

आता हे सगळं हॉलमध्ये शिकवतात, बाई. शहरात, सदर भागात प्रशिक्षण असतं, एसी लावलेला असतो, समोसे असतात, आणि पडद्यावर परदेशातली गोरी मुलं हसत असतात. विषय असतो आनंदी आणि सुरक्षित शालेय वातावरण. शाळेत तक्रारपेटी लावायची असते. आमची लावली आणि आठ दिवसांत तिची किल्ली हरवली. शेवटी कुलूप तोडलं तर आत चॉकलेटचे कागद आणि 'पंखा चालत नाही' अशी एक चिठ्ठी निघाली. पंखा अजून चालत नाही. दर शनिवारी हसऱ्या विद्यार्थिनींचे पाच फोटो पाठवायचे असतात. उन्हात उभं करून मीही त्यांना म्हटलं आहे, "हसा गं जरा." अशाच एका प्रशिक्षणात मी उठून तुमची हजेरी सांगितली. आमच्या शाळेत ती मी आधीच सुरू केली होती आणि छान चालली होती. टाळ्या पडल्या. प्रशिक्षणाच्या साहेबांना कल्पना एवढी आवडली की महिनाभरात तिचा फॉर्म झाला. 'सोबतीची स्थिती' असा रकाना, त्यात बरी किंवा बरी नाही. बरी नाही असेल तर त्याच दिवशी पालकांना बोलवायचं, कार्यवाही करायची आणि तिचा फोटो टाकायचा. मी तेव्हा फुगले होते. बाई असत्या तर त्यांनाही बरं वाटलं असतं, असं मी घरी सांगितल्याचं आठवतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. आठवीत एक उंच मुलगी होती, वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. तिची शेजारीण चष्मेवाली, बारीक आवाजाची. नाव पुकारल्यावर चष्मेवाली उठली आणि म्हणाली, "आहे मॅडम. पण ती सकाळपासून रडून राहिली. तिचं लगन जमवून राहिले घरी." वर्गशिक्षिकेनं रकान्यात 'बरी नाही' लिहिलं आणि कागद माझ्याकडे पाठवला. मी तासाभरात तिच्या वडिलांना फोन लावला. ते कळमेश्वरला एका कारखान्यात आहेत, अर्धी पाळी सोडून आले. ऑफिसात क्लार्क होता, दोन मॅडम पेपर तपासत बसल्या होत्या. मी त्या माणसाला बसा म्हटलं नाही. उभ्यानंच कायदा सांगितला, वय सांगितलं, शिक्षा सांगितली. तो ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "कोनं सांगतलं तुमाले?" मी म्हटलं, "वर्गातल्या मुलींनीच सांगितलं. आमच्याकडे मुली एकमेकींची काळजी घेतात." हे मी अभिमानानं सांगितलं, बाई. तो म्हणाला, "वर्गात? सगळ्यायसमोर?" मी हो म्हटलं. त्यानं खाली बघून म्हटलं, "द्या मॅडम, लेहून देतो." अठरापर्यंत मुलीचं लग्न लावणार नाही असं त्यानं लिहून दिलं, आम्ही सही करतानाचा त्याचा फोटो काढून पाठवला. त्या दुपारी मी डबा चवीनं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी शिपायाला पाठवलं, तर त्यांच्या भाड्याच्या खोलीला कुलूप. हेल्पलाइनला फोन केला, पोलीस जाऊन आले, मीही गेले, पहिल्यांदाच. शेजारची बाई दारातूनच म्हणाली, "सामान घेऊन गेले न ते. मामाकडे म्हणे." मामा कुठला? एक म्हणे रामटेककडचा, दुसरी म्हणे छिंदवाड्याकडचा. वडील कारखान्यातही परत गेले नाहीत. फोन बंद. या गोष्टीला दोन महिने होत आले. शोध सुरू आहे, असं मला दर आठवड्याला सांगतात आणि मी ते फाइलला लावते.

त्यानंतर हजेरी बदलली. "आहे मॅडम, बरी आहे." "आहे मॅडम, बरी आहे." साठ वेळा. सातवीत एक मुलगी हाताला प्लास्टर बांधून आली, तिची शेजारीण उठली आणि म्हणाली, "आहे मॅडम, बरी आहे." मुलींनी बैठक घेतली नसेल, ठरवलं नसेल. त्यांना कळलं एवढंच. शेजारणीचं खरं सांगितलं की तिच्या बापाला बोलावतात आणि मग शेजारीण नाहीशी होते. बाई, त्या एकमेकींची काळजीच घेत आहेत, पण आता आमच्यापासून. फॉर्मवर मात्र आमची शाळा चकाचक आहे, महिनाभरात एकदाही 'बरी नाही' लिहिलेलं नाही. साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. मी थँक्यू सर म्हटलं.

आणि चष्मेवाली बाकावर एकटी. तिचं नाव आलं की उठायला शेजारीण नाही. वर्गशिक्षिका नाव घ्यायच्या, दोन क्षण थांबायच्या आणि स्वतःच खूण करायच्या. वर्गात कोणी मागे वळून बघायचं नाही. मी एकदा व्हरांड्यातून जाताना हे पाहिलं आणि मला सहन झालं नाही. नंबरांची सूचना मी त्यासाठी काढली. कारण म्हणून 'वेळेची बचत' असं लिहिलं आहे.

आपली शेवटची भेट तुमच्याच स्वयंपाकघरात झाली होती. मी तेव्हा नवी शिक्षिका होते. मीही वर्गात शेजारणींची हजेरी घेते, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तुम्ही गाळणं हातात धरून विचारलंत, "अन् घरी जातेस का त्यायच्या?" मी म्हटलं, "वेळ कुठे असतो बाई, जाण्यायेण्यातच दिवस जातो." तुम्ही चहा गाळलात आणि माझ्यापुढे ठेवलात. त्या दिवशी तरी मला रागवायला हवं होतं तुम्ही. दिसणारी वीस मिनिटं मी उचलली आणि अंबाडी निवडण्याच्या त्या चार संध्याकाळी तिथेच सोडून आले. हे तुम्ही मला वयाच्या अकराव्या वर्षी डोळ्यांसमोर शिकवलं होतं, तरी उचलताना नेमकं तेच राहिलं.

पण बाई, खोटा पश्चात्ताप मी करणार नाही. चार संध्याकाळी मी आणू कुठून? माझ्या शाळेतल्या शिक्षिका मतदारयाद्यांच्या कामाला गेल्या की अर्ध्या वर्गांना कोणी नसतं. मुलींची भाड्याची घरं दर अकरा महिन्यांनी बदलतात. दारातून आत घेणारं कोणी राहिलेलं नाही, आणि आत घेतलं तरी त्या आईला आता अंबाडी निवडायला फुरसत कुठे आहे? आणि तुमच्याही हातून सगळ्या मुली वाचल्या नव्हत्या. आम्ही सातवीत असताना होळीनंतर दोघी परत आल्या नाहीत. तुम्ही दोघींच्या घरी जाऊन आलात, किती वेळा ते आम्हाला माहीत नव्हतं. एक दिवस तुम्ही वर्गात आलात आणि हजेरीच घेतली नाही, थेट फळ्याकडे वळून गणितं घालत राहिलात. तेव्हा मला वाटलं, बाईंचा मूड नाही. म्हणून मी त्या घरी जाऊन बसले असते तर ती उंच मुलगी आज शेवटच्या बाकावर असती, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. कदाचित नसतीच. पण तिच्या बापाला तरी मी बसा म्हटलं असतं.

हे पत्र पाठवायचं कुठे? फाडणारही नाही, खालच्या खणात ठेवीन, आणि मी निवृत्त झाल्यावर जी कोणी या खुर्चीत येईल ती रद्दीत टाकेल. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली आहे, खरं तर तिच्यासाठीच बसले होते. त्यांच्या खोलीला कुलूप लागलं त्या आठवड्यात चष्मेवाली माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, मी सांगतलं नसतं त ती गेली नसती न?" मी म्हटलं, "तुझी काही चूक नाही बाळा. जा, तास सुरू झाला." चूक कोणाची आहे हे मी तिला सांगितलं नाही. ती जरा वेळ थांबली होती, मी काही सांगेन म्हणून असेल, मग गेली. मी ती माझी आहे असं म्हटलं नाही, म्हणून ती चूक तिनं स्वतःकडे घेतली आहे. तिच्या मान खाली घालून चालण्यावरून ते कोणालाही दिसेल. आज मधल्या सुट्टीत ती नळावर एकटी डबा धूत होती. मी ऑफिसातून उठले, पटांगण ओलांडून तिच्यापर्यंत गेले आणि जवळ उभी राहिले. सगळं वाक्य तोंडात तयार होतं. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "काय मॅडम?"

मी म्हटलं, "नळ नीट बंद कर."

तिनं तो आधीच बंद केला होता.