एक दोरी, एक ताट

३ मार्च, सकाळी ९
बाबांच्या मांडीचं हाड जुळतंय. एकट्यानं उठायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. ही म्हणाली, बटणवाली बेल मागवू. ठाम नकार दिला. विकत काय, कुणीही आणेल! अडचण आली की मला काहीतरी सुचतंच. शिवाय सध्या मी घरीच असतो (योग्य संधीची वाट बघतोय).

संध्याकाळी
सिस्टीम तयार. बाबांच्या पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत दोरी. टोकाला, खिळ्यावर स्टीलचं ताट. दोरी ओढली की ताट खाली, दणक्यात आवाज. बाबा म्हणाले, छान आहे. ही भाजी चिरत राहिली. जळते.

५ मार्च
बाबांनी दिवसात सात वेळा ओढली. एकदा तर फक्त आज वार कोणता ते विचारायला. दर वेळी ताट परत टांगायचं कुणी? कंटाळलो.

६ मार्च
ताटाला पोचे पडले. वस्तूंची काळजी घ्यावी माणसानं. खाली जाड टॉवेल अंथरला. आवाज जरा मऊ झाला, पण जागा माणूस सहज ऐकेल. हिला सांगितलं नाही, उगाच खुसपट काढेल.

८ मार्च
आज बाबांनी एकदाच ओढली असावी. शिस्त लागली! दुपारी दोन तास निवांत झोप. संकल्प: सिस्टीमवर लेख लिहायचा.

९ मार्च, रात्री
बाबा दुपारी पडले. शेजारचे शिंपीकाका मशीन थांबवून सुईत दोरा ओवत होते, म्हणून त्यांना भिंतीवरची टकटक ऐकू आली. बाबा चष्म्याच्या डबीनं भिंत ठोकत होते. दीड तास. ही कामावर गेलेली, मी पुढच्या खोलीत होतो. जरा डोळा लागला होता.
ताई थेट दवाखान्यात आली. सगळ्यांसमोर मला विचारलं, तू होतास कुठे? मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, त्याला बोलू नकोस, मी दोरी ओढलीच नाही, विसरलो.
ऐकलंत? सिस्टीम निर्दोष. वापरणाऱ्याची चूक. तरी ताई बाबांना तिच्या घरी घेऊन गेली. चार दिवस सोबत म्हणून हीसुद्धा गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

१० मार्च, सकाळी
चहा करायला स्वयंपाकघरात गेलो. काल दुपारपासून तिथे कुणी पाऊल टाकलं नव्हतं.
खिळा रिकामा. ताट टॉवेलवर पालथं.
मी झोपण्याआधी स्वतः टांगलं होतं.
म्हणजे बाबांनी ओढली होती. ओढली, वाट बघितली, शेवटी एकटेच उठले नि पडले, आणि सगळ्यांसमोर मला वाचवायला खोटं बोलले. पडल्या पडल्या त्यांना ती डबी सुचली. दवाखान्यात हेही सुचलं.
लाज वाटतेय.
टॉवेल उचलून कपाटात टाकला. मग परत काढला.
ताईला फोन लावला. बाबांनीच उचलला. म्हणाले, बोल.
मला काहीच सुचलं नाही.