कपाच्या बुडाशी लाल ठिपका

डोक्यावर हक्काचं छप्पर मिळालं तर माझा भाऊ सावरेल का? सॉलिसिटरनी विचारलं, बाबांनी विचारलं, मीही स्वतःला विचारलं. मला उत्तर येत नाही. उत्तर येत नसतानाच हे लिहिते आहे.

मी, अक्षया शशिधर तायडे, वय सत्तावीस, व्यवसाय फार्मासिस्ट, राहणार लीड्स, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. येत्या तेरा तारखेला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, धोका थोडा आहे. थोडा म्हणजे मुळीच नाही असं नव्हे, हे मी काउंटरवर रोज लोकांना सांगते. कायद्याची इंग्रजी प्रत सॉलिसिटरकडे आहे. ही मराठी प्रत आईबाबांसाठी, त्यांना ती दुसऱ्या कुणाकडून समजावून घ्यावी लागू नये म्हणून.

१. माझा पदवीदानाचा फोटो बाबांच्या हॉलमध्ये आहे तिथेच राहावा. त्याच्या शेजारी उल्हासदादाचा शाळेच्या फुटबॉल टीममधला फोटो होता, तो आईने कपाटात ठेवला आहे. तो पुन्हा लावावा, ही विनंती. घरातली पहिली पदवी माझी. पण बाबा पाठीच्या दुखण्याने दोन वर्षं बस चालवू शकले नाहीत, तेव्हा कॉलेज सोडून वेअरहाउसमध्ये गेला तो दादा. फोटोत दोघंही हवेत.

२. माझा कॅमेरा या यादीत नाही, कारण २००३ साली दादाने तो विकला. मी ते विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. फक्त तेव्हा मी म्हणत असे, ‘त्याला आमची पर्वा नाही.’ आता तसं म्हणत नाही. व्यसन माणसाच्या पर्वेचं काय करतं, ते मी शिकले आहे.

३. माझी पुस्तकं आणि व्यसनाधीनतेच्या प्रशिक्षणाची फाइल माझी सहकारी वीणा सोनवणे हिला आधीच देऊन टाकली आहेत; ती साक्षीदार आहे, म्हणून इंग्रजी प्रतीत त्यांचा उल्लेख नाही. वीणा, फाइल नुसती कपाटात ठेवू नकोस. आपल्या दुकानात रोज अकरा जण मेथाडोन, हेरॉइन सोडवण्यासाठीचं औषध, प्यायला येतात. मी त्यांना बाकीची गिऱ्हाइकं संपेपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्यांपाशी उभं करत असे. कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. गेल्या ऑक्टोबरात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मी गेले ती सर्टिफिकेटसाठी. तिथल्या बाई म्हणाल्या, “हे लोक दिवसभरात ज्या एकाच माणसाशी बोलतात, ते कदाचित तुम्ही असाल.” सोमवारी मी त्या अकरांतल्या एलिझाबेथला रांगेत तिच्या नंबराप्रमाणे बोलावलं आणि विचारलं, “कशा आहात?” चौदा महिन्यांत पहिल्यांदा. तिने इकडेतिकडे पाहिलं. म्हणाली, “आज काय, इन्स्पेक्शन आहे का?”

आम्ही दोघी हसलो. नंतर मागच्या खोलीत जाऊन मी रडले, तेही इथे लिहून ठेवते.

४. सहा पांढरे कप. घर घेतलं तेव्हा आईने दिले. दादाला हेपटायटिस सी असल्याचं २००४ मध्ये कळलं. तो बेघरांच्या हॉस्टेलमधून दर रविवारी माझ्याकडे जेवायला येई. मी एका कपाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि त्याला त्याच कपात चहा देऊ लागले. हा आजार कपाबशीतून पसरत नाही, रक्तातून पसरतो. हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. प्रशिक्षणात ते पुन्हा ऐकलं, वहीत लिहूनही घेतलं. ठिपका तसाच राहिला. दुकानात वागणं बदलणं सोपं गेलं, स्वतःच्या ओट्यापाशी नाही.

जानेवारीत बाबा माझ्याकडे शेल्फ ठोकायला आले होते. ते मुद्दाम शनिवारी येतात, दादा भेटू नये म्हणून. चहा झाल्यावर कप विसळून उपडे ठेवताना त्यांना तो ठिपका दिसला.

“हे काय?”

“दादाचा कप, बाबा. खूण केली आहे.”

बाबांनी कप पुन्हा उपडा ठेवला. मग ड्रिल उचललं आणि म्हणाले, “शेल्फ कशाला? भिंतीत कोनाडा करून देतो. बाहेरच्या बाजूने.”

दुसऱ्या कुणी वाचलं तर कळावं म्हणून लिहिते. आजोबांना गावच्या हॉटेलात चहा मिळे तो बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपात. पिऊन झालं की तो स्वतः विसळून पुन्हा तिथेच उपडा ठेवायचा. बाबा ही गोष्ट दर चौदा एप्रिलला सांगतात. ती ऐकून दर वेळी सगळ्यांत आधी चिडणारी मीच.

मी म्हटलं, “तुम्ही तर त्याच्याशी तीन वर्षं बोललाच नाहीत.”

“माझा कोनाडा मोठा आहे,” बाबा म्हणाले, आणि शेल्फ अर्धवट ठेवूनच गेले.

बाबा, तो अर्धवट शेल्फ तुमच्या नावे. पूर्ण करायला रविवारी या.

५. माझं घर. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘उल्हास सलग एक वर्ष व्यसनमुक्त राहिल्यास.’ दादाने ते वाचलं.

“म्हणजे तू मेल्यावरही माझी लघवी तपासणार?”

“दादा, चेष्टा नको.”

“चेष्टा नाही, अक्षू. आठ महिने मेथाडोनवर टिकलोय. उद्या घसरलो, तर नेमकं तेव्हाच घराबाहेर काढायचं, असं लिहिलंयस तू.”

“आणि तू घर विकलंस तर?”

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. “विकेनही. तुला खोटं सांगून झालंय पुरेसं. विकायचा हक्क देऊ नकोस. राहायचा दे.”

म्हणून घर विश्वस्त म्हणून बाबा आणि वीणा यांच्या ताब्यात राहील. ते विकता येणार नाही. दादा हवा तितका काळ तिथे राहील. अट नाही, चाचणी नाही, वर्षाचा हिशेब नाही. तो घसरला तर त्याने घरातच घसरावं आणि घरातूनच उठावं. बाबा, तुम्हाला हे पटणार नाही. तरी सांभाळा. ज्याच्याशी बोलत नाही त्याचं घर सांभाळता येतं. निदान सुरुवात तिथून करता येते.

ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, म्हणून सही करायला वीणा आणि शेजारच्या हॅनाह आल्या, आणि दादा स्वयंपाकघरात चहा करत होता. दाराची दुसरी किल्ली मी त्याला मागच्या रविवारीच दिली आहे; त्याचं सामान मागच्या खोलीत आलं आहे. आणि आज सकाळी सगळे यायच्या आत मी कापसाने, नेलपॉलिश रिमूव्हरने तो ठिपका पुसून काढला. चहा सगळ्यांनी त्या सहा कपांतूनच घेतला. दादाचा कोणता, ते आता मलाही सांगता येणार नाही.

सही: अक्षया शशिधर तायडे
साक्षीदार: वीणा सोनवणे, हॅनाह कोलमन
लीड्स, शनिवार, ३ मार्च २००७