विहिरीचं पान

शुक्रवार, ४ मे १९८४, रत्नागिरी

माझा कथासंग्रह मी मुद्दाम सुट्या पानांचा काढला. कुठल्याही क्रमाने वाचा, गोष्ट होतेच. आज बागेत गेलो तर दादा तीच पानं आंब्याच्या पेट्यांत पेंढ्याखाली अंथरत होता!

मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "कुठलंही पान कुठंही चालतं ना रे तुझं?"

मी आधी विहिरीचं पान शोधलं. त्यात लेखक सरळ सांगतो की पात्राचा कंटाळा आला, म्हणून त्याला विहिरीत ढकललं. पात्र म्हणजे दादाच. नावही त्याचंच. का बदलायचं?

विहिरीचं पान एकाही पेटीत नव्हतं.

"ते आईला वाचून दाखवलं," दादा म्हणाला. "रडली ती. अजून हातात घेऊन बसलीय."

कुठल्या वाक्याला रडली, तेवढं विचारायचं राहिलं.