पाकिटातला राखाडी रंग

४ मार्च १९७९, रविवार
डाव्या पंखाचा सत्यानाश. लकडगंजातून आणलेला ऑइल पेंट टर्पेंटाइन घालून पातळ केला, तरी ब्रशच्या रेघा राहिल्याच. दीड महिना खपून सुईनं कोरलेले रिव्हेट सगळे बुजले. दुपारभर पॉलिश पेपर घासत बसलो. कुसुम म्हणाली, "दरवाज्याचा रंग आहे तो, विमानाला कसा चालेल?" बरोबर आहे तिचं. सोनेगावच्या विमानतळावर उभं राहायचं ते टपालाचं डाकोटा विमान, त्याचं हे लाकडी मॉडेल, वीतभर लांबीचं. त्याला रंगही तितकाच बारीक लागतो. बहीण शालू विलायतेतून रंगाच्या डब्या पाठवणार आहे, त्या येईपर्यंत हात लावायचा नाही.

१९ मार्च
लेस्टरहून शालूचं पत्र. डब्या घेऊन पोस्टात गेली, काउंटरवरच्या बाईनं आत काय आहे विचारलं, हिनं सरळ सांगितलं, मॉडेलचा रंग. बाईनं पाकीट परत सरकवलं. इनॅमल पेट घेतं, विमानानं जात नाही, परदेशी जाणाऱ्या बोटीच्या टपालानंही नाही. छापील यादीच दाखवली म्हणे, आगपेट्या, लायटर, थिनर, रंग. शा. लिहिते, "दादा, राहू द्यायचं का?"
अंगठ्याएवढ्या डब्या. त्यानं काय विमान जळणार आहे.

२१ मार्च
शा.ला उत्तर टाकलं. डब्या वर्तमानपत्रात गुंडाळ, लहान पाकीट कर, कस्टमच्या हिरव्या चिठ्ठीवर 'खेळण्याचे सुटे भाग' लिही. आपल्याकडे एवढं लहान पाकीट कोणी फोडत नाही. थिनरची एक बाटली पण टाक.
ऑफिसातून येताना पेटीत टाकलं. कुसुमला दाखवलं नाही. काहून नाही दाखवलं, ते मला माहीत आहे.

१५ एप्रिल, रविवार
शा.चं पत्र. पाकीट पाठवलं. सहा डब्या आणि थिनर. खाली एक ओळ: "इथं येऊन सात वर्षं झाली, सरकारी कागदावर पहिल्यांदा खोटं लिहिलं." पुढे मुलांच्या शाळेचं. ती ओळ मी दोनदा वाचली आणि पत्र दुमडून ठेवलं.

८ मे
ऊन असं की ड्रॉइंग बोर्डवर हात टेकवत नाही. सुट्टी टाकली होती. अकराला नामदेवराव पोस्टमन आले, प्लास्टिकच्या पिशवीत पाकीट धरून. वासानंच कळलं.
"साहेब, तुमचं खेळणं गळून राहिलं."
तीन राखाडीपैकी दोन डब्यांची झाकणं उडालेली, थिनरची बाटली फुटलेली. चार डब्या शाबूत. सही केली. ना.रा. पाणी प्यायले, टोपीनं वारा घेतला, मग म्हणाले, "थैलीत बाकीचं बी टपाल होतं. फॉरेनचं. एक पाकीट पार गेलं. लकडगंजातल्या बाईचं हाये. नवरा कुवेतले असते तिचा."
मी म्हणालो, अरेरे.
एवढंच म्हणालो. चार डब्या पुसून आत ठेवल्या.

११ मे
राखाडी रंग उघडला. दुधावरच्या सायीसारखा बसतो. एकही रेघ नाही, रिव्हेटन् रिव्हेट दिसतो. असा रंग जन्मात लावला नव्हता. अर्धा पंख झाला आणि ब्रश धुऊन ठेवला. पुढे करवेना.

१२ मे
ना.रा.ना कोपऱ्यावर गाठलं. बाईचं नाव सुमनबाई. नवरा देवराव, सुतार, आरा मशीनवर होता, दोन वर्षांपूर्वी कुवेतला गेला. पाच महिन्यांनी पत्र आलं होतं त्याचं. बाईला वाचता येत नाही, ना.रा.च वाचून दाखवतात.
"मी का वाचू आता? कागदावर डांबर टाकल्यासारखं झालं. ती म्हणे, थोडं तरी वाचा. मी म्हटलं, बाई, मले नाही जमत."
मी पत्ता विचारला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण सांगितला.

१३ मे, रविवार
लकडगंज. आरा मशिनी बंद, सगळीकडे भुसा. मागच्या चाळीत एक खोली. सुमनबाई तिशीची असेल. सासू खाटेवर, तिला कमी ऐकू येतं.
सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच. मी नकाशे काढतो, पुसलेली अक्षरं वाचायची सवय आहे, पोस्टमन म्हणाले म्हणून आलो.
"पोस्टानं धाडलं का तुमाले?"
मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.
तिनं पत्र डब्यातून काढलं, रुमालात बांधलेलं. दोन पानं, एकमेकांना चिकटलेली, पुठ्ठ्यासारखी कडक. तो राखाडी मी कुठेही ओळखला असता. पत्र हातात देताना तिनं ते क्षणभर सोडलं नाही. "पहिलंच हाये पाच महिन्यांत. हरवजा नको, भाऊ."
परत येताना धरमपेठेतल्या घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आलो. चढ नव्हता कुठे.

१५ मे
ब्लेडनं पानं सुटी केली. कोपऱ्यावर थिनरचा एक थेंब टाकून पाहिला. रंग निघाला, त्याबरोबर बॉलपेनची शाईही निघाली. 'स' होता तिथं, निळा डाग झाला. ताबडतोब थांबलो. तिच्या नवऱ्याचं एक अक्षर मी आज पुसलं.

१७ मे
उपाय सापडला. माणूस दाबून लिहिणारा आहे, सुताराचा हात. कागद सकाळच्या तिरप्या उन्हात धरला की मागच्या बाजूनं अक्षरांचे वळ दिसतात. उलटे. आरशात पाहायचे. साडेसहा ते सव्वासात, तेवढंच ऊन खिडकीतून टेबलावर तसं पडतं. ऑफिसातलं भिंग आणलं आहे. आज चार ओळी.

२० मे, रविवार
पहिलं पान जवळजवळ पुरं. तिकडचं ऊन, खोलीत आठ जण, सासूच्या गुडघ्याचं औषध.
दुसऱ्या पानावर रंग जास्त मुरला आहे. जे निघालं ते तसंच उतरवतो:
"मालक बदलला. पासपोर्ट जुन्या मालकापाशीच हाये. बुढीले सांगू नोको."
मग एक ओळ काहीच नाही.
"दिवाळीले मी येणार" आणि त्यापुढे रंगाचा जाड थर. दोन अक्षरं मावतील एवढी जागा. 'नाही' असेल. 'हाये' असेल.
त्याखाली: "तर तू काटोलले भावाकडे जाजो."
येणार आहे तर माहेरी कशाला जायचं? की तिथूनच तिला घ्यायला येणार? दोन्ही अर्थ लागतात. सात वेळा पाहिलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

२२ मे
कुसुमला सगळं सांगितलं. पोळ्या करत होती, तवा उतरवून ठेवला.
"तिला सांगितलं का, रंग तुमचा होता म्हणून?"
"नाही."
"मग तुम्ही कशाला गेले होते तिथं?"
तिनं तवा परत चढवला आणि म्हणाली, "रविवारी मी पण येते."

२७ मे, रविवार
गेलो दोघं. पहिलं वाक्य कुसुमनं मला बोलायला लावलं, नुसतं माझ्याकडे पाहून. सांगितलं. रंग मागवला मी, चिठ्ठीवर खोटं लिहायला लावलं मी, आणि मागच्या वेळी इथं बसून लपवलं तेही मीच.
सुमनबाई ओरडली नाही. विचारलं, "तो रंग कायले पायजे होता तुमाले?"
"विमानाला."
"खऱ्या?"
"नाही. लाकडाचं. मी घरी करतो. शोभेचं."
सासूनं कुसुमला विचारलं, "काय म्हणते वं?" कुसुमनं तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, पत्र वाचायला आले.
"वाचा," सुमनबाई म्हणाली.
वाचलं. पासपोर्टचं आलं तेव्हा आवाज लहान केला, तर तिनंच हात केला, तिले ऐकू येत नाही, वाचा. 'येणार'पाशी थांबलो.
"पुढं का हाये?"
"रंग आहे. वाचता येत नाही."
"तुमी लपवून तर नाही राहिले, भाऊ?"
शपथ घ्यावी तर माझ्या शपथेला आता काय किंमत. कुसुम म्हणाली, "नाही बाई, मी पण पाहिलं आहे भिंगातून." तिनं खरंच पाहिलं होतं, शनिवारी सकाळी, मला न सांगता. सुमनबाईनं तिच्याकडे पाहून मान हलवली. माझ्याकडे नाही.
पत्र तिनं परत डब्यात ठेवलं.

२८ मे
देवरावला लिहिलं. पत्र कसं खराब झालं, चूक कोणाची, आणि दिवाळीचं पुन्हा स्पष्ट लिहा, काटोलचंही. त्याच्या पाकिटामागचा पोस्टबॉक्स नंबर काल उतरवून आणला, त्यातला एक आकडा रंगात गेला आहे, ३ किंवा ८. म्हणून एकच मजकूर दोन पाकिटांत, दोन्ही नंबरांवर. दोन्ही रजिस्टर. काउंटरवर बाबूनं विचारलं, "आत काय?" "फक्त कागद," म्हणालो, आणि त्यानं न विचारताच पाकीट उन्हाकडे धरून दाखवलं. तो हसला.

६ जून
पोस्टाकडून लेखी विचारणा. पाकिटात काय होतं, खोटी नोंद का. कुसुमच्या मते ना.रा.ना विचारून सौम्य काहीतरी लिहावं. मी आहे तसं लिहिलं. बहिणीनं माझ्या सांगण्यावरून लिहिलं, तिनं आधी नकार ऐकून परतही आणलं होतं. शा.लाही कळवलं. तिकडे तिच्यावर काही येईल का, ही एक धास्ती.
उरलेल्या डब्या परत पाठवाव्यात असं मनात आलं होतं. ना.रा. म्हणाले, "आता परत बी नाही धाडता येत, साहेब. इकडून बी तोच कायदा." कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत.

२४ जून, रविवार
८ आकड्याचं पाकीट परत आलं. असा कोणी नाही, असा शिक्का. मला बरं वाटलं, म्हणजे ३ बरोबर असणार. मग वाटलं, हा नंबर जुन्या मालकाचा असला तर? त्या पेटीत पत्र पडलं तरी काढणारा कोण.
लकडगंजला जाऊन सांगून आलो. सुमनबाई दारातच उभी राहून ऐकत होती. बसा म्हणाली नाही.

१ जुलै, रविवार
शा.चं पत्र. तिला कोणी विचारलं नाही. लिहिते, "त्या बाईचं काय झालं तेवढं कळव." विमानाचा विषय नाही.

८ जुलै, रविवार
दुपारी सुमनबाई स्वतः आली. ना.रा.नी घर दाखवलं. कुसुम म्हणाली, "बस वं बाई," चहा टाकला. कुवेतहून काही नाही. काटोलच्या भावाला विचारलं, त्यालाही नवऱ्याचं काही आलेलं नाही.
मग म्हणाली, "ते विमान दाखवता का?"
काढून दिलं. एक पंख अर्धा राखाडी, बाकी कोरं लाकूड. तिनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, सांध्यावर नख फिरवलं. "सांधा बराबर बसला," म्हणाली. सुताराची बायको. खाली ठेवलं.
रुमाल सोडून पत्र टेबलावर ठेवलं. "ती जागा परत एकदा पाहजा."
सकाळपासून आभाळ होतं. खिडकीत ऊन नाही, दिवा लावून पाहिलं, वळ दिसले नाहीत. तसं सांगितलं. या वेळी तिनं लपवता का विचारलं नाही.
"ऊन पडन तवा पाहा," म्हणाली. "तोवर राहू द्या तुमच्यापाशी. जे दिसन ते सांगजा. नाही म्हणून असन तरी सांगजा."
"सांगीन."
"मी येतो मग." चहा अर्धा ठेवून गेली.
पत्र भिंगाखाली पसरून ठेवलं आहे. टेबल खिडकीच्या अजून जवळ ओढलं. बाहेर झिमझिम चालू आहे.