पावणेदहा की पावणेअकरा

गुरुवार, संध्याकाळ

लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक तीनदा खोडलं. पावणेदहाच्या मुहूर्ताला नवनगरहून केशवापूरच्या कार्यालयात पोचायचं, म्हणजे अप्पांबरोबरचा सकाळचा चहा रद्द. शाळेपासून तो कधी चुकलेला नाही. मग कसं जमवायचं?

शेवटी होणाऱ्या सासूबाईंनाच फोन केला. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "हत्तू मुक्कालु." म्हणजे दहा आणि वर पाऊण तास. पावणेअकरा! मुहूर्त ठरला तेव्हा अप्पांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. अप्पांनी ऐकलं बरोबर, पण मराठीत लिहिताना पावणेदहा करून टाकलं. जन्म धारवाडात गेलेले गणिताचे मास्तर.

"अप्पा, तासाभरानं चुकलात."

"चुकलो कुठं? तुझ्यासाठी शिल्लक काढला."

हसू आवरेना. तो तास मी कागदावर लिहिलेलाच नाही. लिहिला की मामी त्यात काहीतरी घुसवणार. त्या तासात फक्त चहा, अप्पा आणि मी.