शेपटाची घंटा

प्रिय मामबेत,

आत्ताच घरी पोचलो. बूटही न काढता लिहायला बसलो आहे. तू फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस. म्हटलं, कागद तरी दाराखालच्या फटीतून आत शिरेल. आज आपल्या सायकल क्लबची हिवाळी फेरी झाली आणि शेपूट कोण होतं, सांग बघू? मी! बारा हिवाळे तू सगळ्यांच्या मागे राहून कुणालाही मागे राहू दिलं नाहीस. गेल्या वर्षीच्या फेरीत मी तुझ्या नजरेतून सुटलो, पडून मनगट मोडून बसलो, माझी हाक तुला ऐकू आली नाही असं ठरलं, आणि तू "माझे कान गेले, बहिऱ्याने शेपूट होऊ नये" म्हणत घंटा काढून दिलीस. तेव्हापासून तू सायकलला शिवलेला नाहीस. तुझ्या वडिलांच्या म्होरक्या बोकडाची ती घंटा आपल्या थोरल्या ताईने, सायरा एजेने, आज माझ्या हँडलला बांधली आणि टोमणा मारलाच, "तोक्तोसून, आज तुझ्या मागे कुणी नाही. निदान आज तरी खाण्यावर लक्ष ठेवू नकोस."

काय सकाळ होती म्हणून सांगू! उणे चौदा, पण ऊन लख्ख. बर्फावर घसरू नये म्हणून चाकांतली हवा थोडी सोडून आम्ही तेवीस जण ओकबागेतून निघालो. ताज्या बर्फावर चाकं अशी करकरत होती की बाकावरच्या म्हाताऱ्या बुद्धिबळ सोडून बघत राहिल्या. एकीने मला विचारलंसुद्धा, "बाबा, या थंडीत बाहेर? घरचे जेवायला देत नाहीत का?" मी घंटा वाजवून उत्तर दिलं.

करागाचच्या, त्या जुन्या एल्म वृक्षांच्या, झाडीत मात्र बेगायिम थांबली. ती नवी नर्स, तुला ठाऊक नसेल. पायडल गरागरा फिरतंय आणि चाक ढिम्म! बाईसाहेबांनी सायकल लाडाने हीटरला टेकवून ठेवली होती. मागच्या चाकाच्या दात्यांतल्या फ्रीव्हीलमध्ये शिरलेलं बर्फ वितळलं आणि बाहेर येताच पुन्हा गोठलं. थोरल्या भावाला हाक मारावी तसं ती म्हणाली, "बायके, तुम्ही व्हा पुढे, मी ढकलत घरी जाते." मी म्हटलं, "पोरी, घंटा माझ्याकडे आहे. गप चाक फिरव." आणि थर्मासमधला चहा ओतला की त्यावर, सगळा! त्यात जर्दाळूचा मुरंबा होता, हे नंतर आठवलं. "आता मुंग्या लागतील," ती म्हणाली. "या थंडीत मुंग्या आल्याच, तर त्यांनाही क्लबात घेऊ!" खटकन् आवाज झाला आणि चाक फिरलं. मी लहान मुलासारखा ओरडलो.

आतातुर्क बागेचा चढ चढून पोचायला आम्हाला चाळीस मिनिटं उशीर झाला. तरी एकानेही थर्मास उघडला नव्हता. घंटा आल्याशिवाय चहा नाही, हा तुझाच नियम. पाय आपटत, नाकं लाल करून सगळे उभे होते. "आली रे, घंटा आली!" सायरा एजे ओरडली आणि सगळ्यांनी असा गलका केला की माझा ऊर भरून आला. कुणीतरी तळलेल्या पिठाचा बोर्सोक हातात दिला. तो मात्र मी, एवढा खादाड असून, तसाच परत ठेवला.

कारण मामबेत, गेल्या वर्षी मी हाक मारलीच नव्हती. "ओरडलो, पण मामबेतने ऐकलं नाही," हे मी रचलं. धुक्यात तंदुरातल्या साम्सांचा, त्या खमंग मांसाच्या समोशांचा, वास आला आणि तुझ्या खांद्याला हात लावून सांगून जाण्याचा साधा नियमही न पाळता मी बागेच्या बाजूच्या फाटकातून सटकलो. दोन खाल्ले, तुम्हाला गाठायला गोठलेल्या पाटावरून सायकल दामटली आणि पडलो. बासष्टाव्या वर्षी साम्सापायी मनगट मोडलं, हे सांगायची लाज वाटली. तू दोन तास धुक्यात मला शोधत होतास आणि मी तुलाच बहिरा ठरवलं. आज बागेत सगळ्यांसमोर हे कबूल केलं. सायरा एजे पुढे आली. माझ्या हँडलवरची घंटा सोडली, हातावर ठेवली आणि म्हणाली, "जा, ज्याची त्याला देऊन ये." हा कागद दाराखालून सरकवून मी तुझ्या फाटकाशी उभा राहणार आहे. शिव्या द्यायला ये, हवं तर मारायला ये, पण बाहेर ये. मी घंटा अगदी हळू वाजवीन. तुझे कान शाबूत आहेत, तुला ऐकू येईल.

तुझाच, खादाड आणि खोटारडा,
तोक्तोसून