एकाच पंगतीची खोली

काल, रविवार, दिनांक १ डिसेंबर १९७४ रोजी दुपारी, माझे धाकटे दीर महिपत भुवड माझ्या खाणावळीत जमिनीवर, पंगतीत बसून जेवले. मी आतल्या खोलीत अंथरुणावर होते. बातमी चंपाने आणली, आणि वाढणारी तीच होती, तेव्हा तिच्याहून खात्रीचं कोणी नाही. "मावशी, तुमचं दीर खाली बसलं हाय. मांडी घालून. कालवण दोनदा मागितलं," असं ती म्हणाली.

ताजी गोष्ट आधी, हा राघोभाऊंचा नियम. ते वर्तमानपत्रात बातम्या लावतात, माझ्याकडे जेवतात आणि माझ्या सांगण्यावरून हे मृत्युपत्र तेच लिहीत आहेत. आता रीतीचं.

मी, सरूबाई लवू भुवड, वय अंदाजे एकसष्ट, मूळ राहणार तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली राहणार केबिन रोड, भाईंदर पूर्व, विधवा, मूलबाळ नाही, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांनी आज सकाळी मला तपासलं. "छातीची खात्री देत नाही, डोक्याची देतो," असं त्यांनी चारचौघांत सांगितलं आहे.

कलम एक. पुढची मोठी आणि मागची लहान अशा दोन पत्र्याच्या खोल्या माझ्या कमाईच्या आहेत. त्या माझ्यामागे चंपा कोळी, राहणार भाईंदर गाव, हिला मिळाव्यात. दिरांचा त्यावर हक्क नाही. अट एकच. पुढच्या खोलीत एकच पंगत बसेल, आधी येईल तो आधी बसेल आणि एकाच पातेल्यातून ओळीने वाढलं जाईल. कोणासाठी आडोसा घातला, तर दोन्ही खोल्या माझी भाची सुलू हिच्याकडे जातील. चंपाला अट वाचून दाखवली. ती म्हणाली, "लिवा. पडद्यातून वाढायचं मला कधी जमलं न्हाय, हात अडकतो."

ही अट का, ते कोर्टालाही कळावं. आठ वर्षांपूर्वी सुलूच्या लग्नाला मी गावी गेले आणि खाणावळ दिरांवर सोपवली. स्टीलच्या भांड्यांचे कारखाने तेव्हा नवे निघत होते. एका कारखान्याचे मॅनेजर माझ्याकडे जेवत, त्यांच्याच कारखान्यात पॉलिश मारणारे बाबाजी धनावडेही जेवत. एकाच्या पगारात दुसऱ्यासारखे दहा जण राहतील, एवढं अंतर. पण मांडीला मांडी लावून बसत आणि एकमेकांना लिंबाची फोड देत.

मी परतले तर खोलीत मधोमध हिरवा पडदा. पलीकडे टेबल-खुर्च्या, वर पाटी, 'स्पेशल'. दीर म्हणाले, "वहिनी, पैसेवाल्याला पैसेवाल्यासारखं बसवायला हवं. तो सुखी तर आपण सुखी."

"मग सुखी झाला का कोण?" मी विचारलं.

कोणी झालं नव्हतं. कालवण त्याच पातेल्यातलं होतं, चंपाने शपथेवर सांगितलं. तरी पडद्याबाहेरच्यांना ते पातळ लागायला लागलं. कधी कुरकुर न केलेले बाबाजी ताटात बोट फिरवून म्हणाले, "दाट तिकडे जातंय वाटतं." आत मॅनेजर दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यापेक्षा मोठा एक ठेकेदार आला, त्याला आधी वाढलं, आणि मॅनेजरांची चव गेली. ठेकेदार तरी कुठे खूश? "हमारा अलग नहीं निकाला क्या? ये तो वही है, जो बाहर देते हो." एक पातेलं, एक चव, मध्ये हातभर कापड, आणि दोन्हीकडे तोंडं वाकडी.

पडदा मी त्याच संध्याकाळी काढला. लोकांच्या पगारातला फरक मिटवणं माझ्या हातात नव्हतं. वाढणं होतं. मॅनेजर आठवडाभर रुसले, मग येऊन बाबाजींशेजारी बसले. दिरांनी मात्र टेबलं उचलली, काशीमीऱ्याला हॉटेल काढलं आणि जाताना म्हणाले, "तुम्ही जमिनीवरच राहणार."

राहिले. ते मोठे झाले, त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यांच्याकडे आता ट्रकवाल्यांचा, फॅमिलीचा आणि गार हवेचा असे तीन भाग आहेत. स्वतः ते गल्ल्यामागे एकटे जेवतात. गेल्या वर्षापासून माझी खोली मागत होते आणि कालही त्यासाठीच आले. मी आतून म्हटलं, "आधी जेवा, मग बोलू." जेवताना बाबाजींनी त्यांना विचारलं, "काय शेठ, आज इकडे वाट चुकलात?" दीर म्हणाले, "शेठ तिकडे. इकडे लिंबू सरकवा." हात धुऊन ते चंपाशी हसत बोलले आणि गेले. खोलीचं विचारायचं राहूनच गेलं.

कलम दोन. पोस्टातली शिल्लक सुलूला द्यावी. त्याआधी तीतून तेराव्याचं जेवण घालावं. त्या दिवशी कोणाला परत पाठवू नये, ठेकेदारालाही नाही.

कलम तीन. माझी पितळी पळी बाबाजींना द्यायची होती. पण राघोभाऊ म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून ती चंपाकडेच राहील आणि बाबाजींना तिने पहिल्यासारखं वाढावं.

कलम चार. हिरवा पडदा. तो मी टाकला नाही. चार पदरी करून, जाड दोरा घालून शिवला आणि त्याची लांब बसकर केली. आठ वर्षं पहिली ओळ तिच्यावर बसते. काल दीर तिच्यावरच बसले होते. धुवून धुवून रंग उडालाय, त्यांनी ओळखली नाही. त्या बसकरीवरची एक जागा मी महिपत भुवड यांना हयातभर देते. जी रिकामी असेल ती.

हे त्यांना मृत्युपत्र वाचलं जाईल तेव्हाच कळावं. बाबाजींना तंबी दिली आहे. जाताना दीर चंपाला विचारून गेले, पुढच्या रविवारी कालवण कशाचं. म्हणजे येणार. उशिरा आले तर थांबावं लागेल.

ठिकाण : भाईंदर पूर्व
दिनांक : २ डिसेंबर १९७४

सही : सरूबाई लवू भुवड

साक्षीदार :
१. बाबाजी धनावडे, पॉलिश कामगार
२. डॉ. गोवर्धन ठाकूर

मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहिणार : राघो मांडवकर